अर्ज पडून आहे म्हणून विमानात बसायचं नाही?



आम्ही न्यू जर्सीत राहणाऱ्या सात-आठ मराठी बायका. कुणी नवऱ्याच्या नोकरीमागे एच-फोर व्हिसावर आलेल्या, कुणी स्वतःच्या नोकरीवर आलेल्या, एक-दोघी मुलांकडे येऊन राहिलेल्या. आमच्यातल्या काहींना ग्रीन कार्ड मिळालं, काहींचा अर्ज अजून पडून आहे. आम्ही वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ही कागदपत्रं इतकी वर्षं हाताळली आहेत, की एकमेकींच्या फायली आम्हाला पाठ आहेत.

आजचा विषय तुमच्या फोनवरूनच निघाला. मागच्या दोन महिन्यांत चार जणींनी एकच प्रश्न विचारला: "ग्रीन कार्डाचा अर्ज टाकलाय, अजून काही कळलेलं नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने गेलं तर चालेल का?" एकीची बहीण डॅलसला बाळंत होणार होती. तीन तासांचं विमान. आणि ही घरी बसून होती, कारण घरात सांगितलं गेलं होतं, "वकिलाने प्रवास करू नका म्हटलंय."

वकिलाने तसं म्हटलं असेलही. पण वकील 'प्रवास' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात देशाबाहेरचा प्रवास असतो. तो निरोप नवऱ्याच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत त्यातलं 'देशाबाहेर' गळून पडतं. मग घरातली बाई वर्ष, दोन वर्षं कुठेच जात नाही. नवरा मात्र याच काळात कामासाठी शिकागोला जाऊन येतो, आणि त्याचाही अर्ज त्याच फाइलमध्ये असतो! तेव्हा कुणाच्याच मनात येत नाही, की हा गेला तसं तिलाही जाता येईल.

तर पहिली गोष्ट. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा देशात राहूनच करायचा अर्ज, पडून असताना अमेरिकेच्या आत फिरायला इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागत नाही. नेवार्कहून डॅलस, सिॲटल, अटलांटा, कुठेही जा. अर्ज सोडून दिला असं धरलं जाण्याचा धोका आहे तो देशाची हद्द ओलांडण्यात. बाहेर जायचं तर आय-१३१ अर्ज भरून 'ॲडव्हान्स पॅरोल' नावाचा कागद मिळवावा लागतो. तो हातात नसताना बाहेर गेलं, तर साधारणपणे आय-४८५ तिथेच संपतो. एच-वन किंवा एल-वन आणि त्यांचे जोडीदार, म्हणजे एच-फोर, एल-टू, यांना यात सूट आहे. त्यांचा दर्जा चालू असेल आणि परत येताना त्याच दर्जाचा वैध व्हिसा हातात असेल, तर पॅरोलशिवाय गेलं तरी अर्ज टिकतो. पण ईएडीवर नोकरी धरली आणि एच-फोर सोडून दिला, असं पुष्कळ जणींचं झालेलं असतं. त्यांना ही सूट नाही. आपण आज नेमक्या कुठल्या दर्जावर आहोत, हे प्रत्येकीने स्वतः विचारून घ्यावं. "ते हे बघतात" हे उत्तर पुरेसं नाही.

हा अर्ज इतकी वर्षं का रेंगाळतो, तेही थोडक्यात. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या आसपास, हे १९९० च्या कायद्याने ठरलं. त्या १ लाख ४० हजारात बायका आणि मुलंही मोजली जातात. भारतातून येणारे अर्जदार भरपूर, त्यामुळे रांग लांब. तारीख पुढे सरकते म्हणून अर्ज आत घेतात, मग तारीख मागे जाते आणि अर्ज तसाच राहतो. म्हणजे हा काळ दोन-चार महिन्यांचा असेलच असं नाही, वर्षानुवर्षांचाही असू शकतो. तेवढा काळ बहिणीचं बाळंतपण थांबत नाही.

आता विमानतळावर काय दाखवायचं. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानालाही 'रिअल आयडी'चा नियम लागू झाला. कायदा तसा २००५ चा, पण वीस वर्षं पुढे ढकलत ढकलत आता आला. तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या वरच्या कोपऱ्यात चांदणी आहे का बघा. चांदणी असेल तर ते लायसन्स चालतं. नसेल, तर ते एकटं पुरत नाही. ग्रीन कार्ड नाही म्हणजे रिअल आयडी मिळणारच नाही, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ज्यांचा आय-४८५ पडून आहे त्यांना मुदतीचं रिअल आयडी लायसन्स देता येतं, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ते लवकर संपतं आणि पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात, हा वैताग खरा.

पण खरं सांगायचं तर तुम्हाला चांदणीची गरजच नाही. मुदतीत असलेला भारतीय पासपोर्ट सुरक्षा तपासणीला चालतो. इमिग्रेशन खात्याने दिलेलं ईएडी कार्ड, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, तेही चालतं. ज्या बायका गाडी चालवत नाहीत, ज्यांच्याकडे लायसन्स नाही, त्यांनी हे लक्षात ठेवा. पासपोर्ट नूतनीकरणाला पाठवला असेल तेव्हा ईएडी कामाला येतं, आणि ईएडी संपलं असेल तेव्हा पासपोर्ट. दोन्ही एकाच वेळी हाताबाहेर जाऊ देऊ नका, एवढंच.

ईएडीच्या तारखेकडे आता जास्त लक्ष द्यावं लागणार आहे. २०२३ साली हे कार्ड पाच वर्षांचं केलं होतं, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. डिसेंबर २०२५ पासून ते पुन्हा १८ महिन्यांवर आणलं. शिवाय ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. त्यामुळे "पावती आहे ना, चालेल" हे जुनं उत्तर नव्या अर्जाला लागू पडत नाही. तिकीट काढायच्या आधी कार्डावरची तारीख डोळ्यांनी वाचा.

आणि पावतीबद्दल. आय-७९७सी हा जो पोच मिळाल्याचा कागद येतो, तो ओळखपत्र नव्हे. त्यावर फोटो नाही. विमानतळावरच्या पहिल्या टेबलाला तो दाखवून काही होणार नाही. पण तो जवळ असावा, फायलीत घरी नको. कारण दुसरा एक नियम आहे आणि तो पुष्कळ जणींना माहीतच नसतो. अठरा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असं अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन कायदा सांगतो. आय-९४ हा असा पुरावा आहे, ईएडी कार्डही आहे. बरीच वर्षं या नियमाकडे कुणी फारसं बघत नव्हतं, २०२५ पासून सरकार बघू लागलं. आय-९४ आता कागदावर मिळत नाही, सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून फुकट छापून घेता येतो. आम्ही तो छापून पासपोर्टात घडी घालून ठेवतो. पासपोर्ट, ईएडी, आय-९४, आय-७९७सीची प्रत. चार गोष्टी, एका पाकिटात, आणि ते पाकीट खांद्यावरच्या पर्समध्ये. मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग काउंटरवर देऊ नका. बॅगा हरवतात. ज्याचे दोन महिन्यांत दोन कागद हरवले तो माणूस आमच्या ओळखीत आहे आणि तो बाईमाणूस नाही, एवढं सांगतो.

आता भीतीचा विषय टाळून चालणार नाही. "विमानतळावर पकडतात का?" असं दबक्या आवाजात विचारलं जातं. सुरक्षा तपासणीचं खातं तुमची ओळख आणि सामान बघतं, इमिग्रेशनची मुलाखत घेत नाही. पण हे खातं प्रवाशांच्या याद्या इमिग्रेशनच्या अंमलबजावणी खात्याला देतं, अशी बातमी डिसेंबर २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत आली. त्यामुळे सरसकट "काही होत नाही हो" असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांचा दर्जा चालू आहे, ज्यांनी अर्ज वेळेत टाकला, ज्यांच्या नावावर जुनी काही भानगड नाही, त्यांनी बहिणीकडे जायला घाबरू नये, असं आमचं मत. पण मध्ये कधी दर्जा तुटला असेल, पूर्वी देश सोडण्याचा आदेश निघालेला असेल, न्यायालयात काही प्रकरण चालू असेल, अगदी जुना पोलिसांचा मामला असेल, तर तिकीट काढायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. स्वतः बोला. लग्नात जमलेल्या माणसांचा सल्ला घेऊ नका. आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मॅकॅलन किंवा ब्राउन्सविलकडे जाणार असाल, तर तिथे सीमा गस्त दलाचे लोक देशातल्या देशात प्रवास करणाऱ्यांनाही कागद विचारतात, हे माहीत असू द्या. विचारलं की शांतपणे पाकीट काढायचं.

नावाचा घोळ हा आमचा आवडता विषय, कारण हा आपला खास मराठी घोळ आहे. आपण स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टच्या नमुन्यात 'दिलेलं नाव' आणि 'आडनाव' असे दोनच रकाने. मग नवऱ्याचं नाव आपल्या नावाला चिकटून पहिल्या रकान्यात बसतं. लायसन्सवर त्याची नुसती आद्याक्षरं येतात किंवा येतच नाहीत. ईएडीवर ते मधलं नाव होतं. आणि ज्यांनी लग्नानंतर पासपोर्ट बदलला नाही त्यांच्या एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. तीन कागद, तीन बायका! विमान कंपनीला तिकिटाच्या वेळी पूर्ण नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष हे घ्यावंच लागतं, आणि ते सरकारी यादीशी ताडून पाहिलं जातं. म्हणून जो कागद विमानतळावर दाखवणार, त्यावर जसं नाव आहे तसंच तिकिटावर हवं. पासपोर्ट दाखवायचा तर पासपोर्टप्रमाणे. बोर्डिंग पासवर दोन नावं एकत्र जोडून छापली गेली, मध्ये जागा सुटली नाही, तर घाबरू नका, तसं नेहमीच होतं. पण घरच्यांनी लाडाचं नाव टाकून तिकीट काढलं असेल, तर आधीच कंपनीला फोन करून दुरुस्त करून घ्या. आमच्यातल्या एकीच्या दिराने 'बेबी' या नावाने तिकीट काढलं होतं. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, मांडीवरच्या बाळाचं आहे.

आता हद्दीबद्दल. यात चूक फार सहज होते. हवाई आणि अलास्का ही अमेरिकेची राज्यंच आहेत, विमानाने सरळ गेलात तर तुम्ही देशातच आहात. पोर्तो रिको, अमेरिकन व्हर्जिन बेटं, ग्वाम हीसुद्धा इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने अमेरिकाच. पण व्हर्जिन बेटांवरून परत येताना तपासणीला उभं राहावं लागतं, तेव्हा सगळे कागद हवेत. ग्वामला होनोलुलुवरून जायचं, टोकियोवरून नाही, कारण मध्ये जपान आला. अलास्काला गाडीने जायची हौस असेल तर रस्ता कॅनडातून जातो. आणि अलास्काची जहाजाची सहल! सगळे म्हणतात, "सिॲटलहून निघतो, सिॲटललाच उतरतो, मग कुठे आलं परदेश?" पण ही बहुतेक जहाजं परदेशी नोंदणीची असतात, आणि १८८६ च्या एका जुन्या कायद्यामुळे त्यांना वाटेत परदेशी बंदराला लागावं लागतं. म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. फ्लोरिडाहून बहामाला जाणाऱ्या जहाजाचं तर सांगायलाच नको.

नायगारा आपल्या सगळ्यांचा लाडका. भारतातून कुणीही आलं की नायगारा ठरलेला. अमेरिकेच्या बाजूने बघा, बोटीत बसा, भिजा, काही अडचण नाही. पण "पलीकडून जास्त छान दिसतो" म्हणून रेनबो पुलावरून चालत गेलात की तुम्ही कॅनडात. पलीकडून छान दिसतो हे अगदी खरं आहे. तरी जाऊ नका.

आणि तिकीट काढताना विमान कुठे बदलायचं आहे ते वाचा. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना टोरांटोमार्गे किंवा व्हँकुव्हरमार्गे स्वस्त तिकीट दिसतं. साठ-सत्तर डॉलर वाचवायला जाऊन पाच वर्षांचा अर्ज पणाला लागेल.

तारखांचंही बघावं लागतं. अर्ज टाकल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला बोलावणं येतं. पत्रावर दिवस, वेळ, ठिकाण छापलेलं असतं. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात. जाणं शक्य नसेल तर त्या दिवसाच्या आधी योग्य कारण देऊन दुसरी वेळ मागता येते. जास्तीचे पुरावे मागणारं पत्र येतं त्यालाही मुदत असते, ती पत्रातच लिहिलेली असते. म्हणून महिनाभर कुठे जाणार असाल, तर पत्रपेटीची किल्ली शेजारणीकडे द्या. टपाल खात्याची एक फुकट सोय आहे, रोज येणाऱ्या पाकिटांचे फोटो ईमेलवर येतात. ती चालू करून घ्या, आणि ईमेल तुमचा स्वतःचा द्या. घर बदललंत तर दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा असतो. बहिणीकडे सहा आठवडे राहणं म्हणजे घर बदलणं नव्हे.

आता या सगळ्यातलं सगळ्यात अवघड. जिला डॅलसला जायचंय तिचा प्रश्न सुटतो. जिची आई नाशिकला दवाखान्यात आहे तिचा असा सुटत नाही. तिला बाहेर जावंच लागणार, आणि ॲडव्हान्स पॅरोलचा अर्ज नुसता टाकून भागत नाही, तो मंजूर होऊन कागद हातात यावा लागतो. काही जणींच्या ईएडी कार्डावरच ती परवानगी छापलेली असते, तेव्हा आधी आपलं कार्ड नीट वाचा. नसेल, तर अगदी तातडीच्या वेळी इमिग्रेशनच्या स्थानिक कार्यालयातून तातडीचा पॅरोल मागता येतो. आधी त्यांच्या मदत केंद्राला फोन करून वेळ घ्यायची, मग भरलेला आय-१३१, फी, फोटो, आणि दवाखान्याची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घेऊन जायचं. मिळेलच असं नाही. आमच्यातल्या एकीला मिळाला, आणि ती तिसऱ्या दिवशी आईच्या उशाशी होती. दुसरीला वेळच मिळाली नाही. तिने वडिलांचे विधी फोनवर पाहिले, इथे रात्रीचे अडीच वाजले होते. म्हणून आम्ही आता प्रत्येकीला सांगतो, आय-४८५ टाकतानाच आय-१३१ सुद्धा टाका. जायचं नसलं तरी टाका. त्याची वेगळी फी भरावी लागते, घरात "उगाच कशाला" असं म्हणतील. म्हणू देत.

खाण्याचं विचारलंत म्हणून सांगतो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू खुशाल हातातल्या बॅगेत न्या. लोणचं आणि तूप मात्र त्यांच्या हिशेबाने पातळ पदार्थ, शंभर मिलिलीटरच्या वरची बाटली हातात चालत नाही, ती मोठ्या बॅगेत. मेतकुटाचा मोठा डबा असेल तर पावडर म्हणून बाजूला काढून तपासतील. हवाईहून परत येताना ताजे आंबे आणायचा मोह होतो. तिथे शेती खात्याची वेगळी तपासणी असते आणि ते काढून घेतात.

शेवटचा प्रश्न एका सूनबाईंचा. सासूबाई पाहुण्यांच्या व्हिसावर आल्या आहेत. मुदत वाढवून मागणारा आय-५३९ अर्ज वेळेत टाकलाय, पण उत्तर यायच्या आत आय-९४ वरची तारीख उलटून गेली. त्यांना लेकीकडे ह्यूस्टनला एकटीला पाठवायचं आहे, इंग्रजी येत नाही. तर भारतीय पासपोर्टवर त्यांना देशांतर्गत विमानात बसता येतं. त्यांच्या जुन्या आय-९४ सोबत आय-५३९ ची पोच पासपोर्टातच ठेवा, म्हणजे कुणी तारखेवर बोट ठेवलं तर अर्ज वेळेत टाकल्याचं दिसेल. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, पाय धड असले तरी. कारण ढकलणारा माणूस थेट गेटपर्यंत नेतो. विमान कंपनीच्या काउंटरवर विनंती केली तर सोडायला आलेल्या एकाला गेटपर्यंत जायचा पासही पुष्कळदा देतात, त्यासाठी तुमचंही ओळखपत्र लागेल. एका कागदावर इंग्रजीत दोन्ही घरांचे फोन, विमानाचा क्रमांक आणि औषधांची नावं लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा. तोच कागद मराठीतही लिहून द्या, म्हणजे आपल्या पर्समध्ये काय लिहून ठेवलंय हे त्यांनाही कळेल.